न झालेल्या खुनाची हकीकत

घडलेल्या गोष्टीची हकीकत लिहिणे फारसे कठीण नाही. न घडलेल्या गोष्टीची हकीकत कशी लिहावी, हा प्रश्न मात्र वाङ्मयाला आणि कचेरीला सारखाच अवघड आहे. खून झाला की पंचनामा होतो, जबान्या होतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, आणि पुढेमागे एखादा कादंबरीकारही त्या रकान्यांकडे आशेने पाहू लागतो. पण खून होता होता राहिला, तर त्याचा पंचनामा कोणी करावयाचा? आमच्या वाचकांपैकी ज्यांनी परप्रांतात जिल्ह्याचा कारभार पाहिला आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही. मिरवणुकीच्या आदल्या रात्री चार माणसे चार घरी जाऊन बसतात, मध्यरात्रीपर्यंत बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी काही होत नाही. त्या रात्रीची नोंद अहवालात 'सर्वत्र शांतता' एवढ्या दोन शब्दांत होते. दंगल झाली असती, तर तिच्यासाठी आयोग बसला असता.

ह्या दोन शब्दांच्या पोटात काय दडलेले असते ते जगाला सांगण्याचा उद्योग अमेरिकेतील शिकागो शहरात जन्मलेल्या एका संस्थेने अनेक वर्षे चालविला आहे. आज ती 'क्युअर व्हायोलन्स' ह्या नावाने ओळखली जाते. तिच्या कार्याचे मोजमाप समाजशास्त्रज्ञ करीतच आहेत; आम्हांस येथे लिहावयाचे आहे ते तिच्या शब्दांविषयी. तिचे आकडे, तिने रूढ केलेली उपमा, तिची भित्तिपत्रके आणि तिच्या माणसांवर निघालेला 'द इंटरप्टर्स' हा २०११ सालचा अनुबोधपट, हा सारा ऐवज आम्ही एका प्रकारचे वाङ्मयच समजतो. आणि ज्या वाङ्मयावर माणसांचा जीव अवलंबून आहे त्याची टीका इतर वाङ्मयापेक्षा अधिक काटेकोरपणे झाली पाहिजे, अशी आमची धारणा आहे.

प्रथम संस्थेची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. तिचे संस्थापक गॅरी स्लटकिन हे साथीच्या रोगांचे वैद्य. सोमालियातील निर्वासितांच्या छावण्यांत क्षय आणि पटकी, पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी आफ्रिकेत एड्स, अशा रोगांशी झुंज देऊन ते मायदेशी परतले; आणि स्वदेशातील शहरांत पिस्तुलाने मरणाऱ्या तरुणांचे नकाशे पाहताना त्यांना ते नकाशे पटकीच्या नकाशांसारखेच दिसू लागले. १९९५ साली इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील सार्वजनिक आरोग्य विभागात त्यांनी हे काम आरंभिले. २००० साली वेस्ट गारफील्ड पार्क ह्या वस्तीत 'सीझफायर' ह्या नावाने त्याला प्रत्यक्ष रूप आले, आणि २०१२ साली संस्थेने आजचे नाव घेतले. मधल्या काळात, २००४ साली, टिओ हार्डिमन ह्यांच्या कल्पनेतून एक नवा पेशा निर्माण झाला. टोळ्यांतून वावरलेली, बहुधा तुरुंगवास भोगून आलेली माणसे पगारावर नेमावयाची, आणि ज्या क्षणी कोणी सूड घ्यावयास निघाला असेल त्या क्षणी त्यांनी त्याच्या आणि पिस्तुलाच्या मध्ये उभे राहावयाचे. ह्यांनाच 'इंटरप्टर' म्हणतात. मराठीत त्याला उत्तम प्रतिशब्द तयार आहे: मध्ये पडणारा. 'कोणाच्या भांडणात मध्ये पडू नये' हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे तोच निषिद्ध उद्योग उपजीविका झाला आहे.

अशा संस्थेत प्रसिद्धीचे काम ज्याच्याकडे असते त्याची स्थिती मोठी विलक्षण असते. त्याला एकाच वेळी चार श्रोत्यांशी बोलावे लागते. पहिला श्रोता पैसा देणारा, म्हणजे विधिमंडळ किंवा एखादा धर्मादाय निधी; दुसरा वर्तमानपत्र; तिसरा ज्या वस्तीत काम चालते त्या वस्तीतील आईबाप; आणि चौथा तो तरुण, ज्याच्या सदऱ्याखाली पिस्तूल आहे. पहिल्याला आकडा हवा असतो, दुसऱ्याला बातमी हवी असते, तिसऱ्याला आपले दुःख चव्हाट्यावर यावयास नको असते, आणि चौथ्याला आपले नावच कोणाच्या तोंडी नको असते. ह्या चौघांस पुरेल अशी एकच भाषा नाही. आमच्या मते ह्या वाङ्मयाची कसोटी हीच आहे की, पहिल्या दोघांशी बोलताना त्याने शेवटच्या दोघांचा विश्वासघात केला की नाही.

आता ही संस्था जी तीन साधने वापरते त्यांचा क्रमाने विचार करू. पहिले साधन आकडा. वेस्ट गारफील्ड पार्कमध्ये पहिल्या वर्षी गोळीबार ६७ टक्क्यांनी घटला, असे संस्थेने सांगितले, आणि हा आकडा पुढे पुष्कळ फिरला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे वेस्ली स्कोगन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सात वस्त्यांचा अभ्यास करून २००८ साली जो अहवाल दिला, तो अधिक सावध आहे: काही वस्त्यांतील घट संस्थेच्या कामाशी जोडता येते, काही ठिकाणी मात्र शेजारच्या, संस्थेचे काम नसलेल्या वस्त्यांतही घट झालेली दिसते. आकड्याचे हे असेच असते. तो 'किती' हे सांगतो. 'कशामुळे' हे सांगताना अडखळतो. आणि 'कोण वाचला' हे तर कधीच सांगू शकत नाही. २०१५ साली इलिनॉय राज्याचा पैसा थांबला, आणि २०१६ साली शिकागोत साडेसातशेहून अधिक खून झाले. संस्थेने ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. मांडणी परिणामकारक आहे ह्यात संशय नाही. परंतु पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या एका तरुणाची चित्रफीत नोव्हेंबर २०१५ मध्ये ह्याच शहरात उघड झाली होती, आणि पोलिसांवरचा उरलासुरला विश्वासही डळमळला होता. अशा वर्षाचे सगळे पाप एका थांबलेल्या अनुदानाच्या माथी मारता येत नाही. प्रसिद्धिप्रमुखाने एवढा संकोच बाळगला, तर त्याच्या आकड्याचे वजन घटत नाही, उलट वाढते.

आकड्याचा ह्याहून साधा आणि ह्याहून उदात्त असा एक उपयोग आम्हांस न्यूयॉर्कमधील क्राउन हाइट्स ह्या वस्तीत आढळतो. शिकागोच्याच पद्धतीवर २०१० साली तेथे सुरू झालेल्या कार्याने एक फलक लावला: शेवटच्या गोळीबाराला किती दिवस झाले. ह्या आकड्यात फुशारकी नाही, कारण तो उद्या शून्यावर येऊ शकतो. कोणाचे नाव नाही, म्हणून विश्वासघात नाही. आणि तो देणगीदाराकडे नव्हे, रस्त्यावरून जाणाऱ्याकडे तोंड करून उभा आहे. न घडलेल्या गोष्टीची इतकी नेमकी आणि इतकी नम्र हकीकत आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

दुसरे साधन उपमा. 'हिंसा हा साथीचा रोग आहे' हे स्लटकिन ह्यांचे सूत्र. त्यांच्या मते ही केवळ उपमा नसून वस्तुस्थिती आहे. तो वाद आम्ही शास्त्रज्ञांवर सोपवितो. वाङ्मयदृष्ट्या तिचे काम मोठे आहे, ह्यात शंका नाही. गुन्हेगाराकडे 'दुष्ट' म्हणून पाहणाऱ्या समाजाला तिने 'ह्याला लागण कोठून झाली?' असे विचारावयास शिकविले. शब्दाने विचार बदलतो, ह्याला प्रयोगाचाही थोडा आधार आहे. थिबोडो आणि बोरोडित्स्की ह्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका काल्पनिक शहरातील गुन्हेगारीचे वर्णन काही वाचकांस 'हिंस्र पशू' म्हणून आणि काहींस 'विषाणू' म्हणून दिले, तेव्हा विषाणूचे वर्णन वाचणाऱ्यांनी सामाजिक सुधारणेचा उपाय अधिक सुचविला. पुढे २०१४ साली इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, त्यांस हा परिणाम आढळला नाही. तात्पर्य, उपमेच्या जोरावर सगळी इमारत उभारू नये.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो मराठी वाचकाला अधिक लवकर पटेल. रोगाच्या भाषेचा राजकीय आणि सामाजिक दुरुपयोग होतो, असा इशारा सुसान सोंटॅग ह्या लेखिकेने १९७८ सालीच दिला होता. पण आपल्याला त्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. १८९७ च्या पुण्यातही साथ होती. त्या साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः त्याच रोगाने गेल्या. त्याच साथीत रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे शिपाई घराघरांत शिरले, रोग्यांना आणि संशयितांना छावण्यांत नेले. आणि २२ जूनच्या रात्री त्याचा जो शेवट झाला तो सर्वश्रुत आहे. रोग एक, शहर एक, साल एक. आणि त्याच एका शब्दातून एकीकडे मायेचा हात निघाला, दुसरीकडे संगीन निघाली. म्हणून 'साथ' हा शब्द काय करावयाचे ते सांगतो, पण कोणत्या मनाने करावयाचे ते सांगत नाही. ज्या वस्तीला 'रोगट' ठरविले, तिच्याभोवती वैद्य उभा राहील की पहारा, हे उपमेत लिहिलेले नसते. जी वस्ती आधीच पोलिसी पहाऱ्याने गांजलेली आहे, तिच्याविषयी हा शब्द वापरताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. संस्थेच्या लिखाणात ती पुरेशी अडखळत नाही.

तिसरे साधन गोष्ट. शिकागोत संस्थेने लावलेल्या एका भित्तिपत्रकावर लहान मुलाचा चेहरा होता, आणि त्याखाली मजकूर एवढाच की, गोळी झाडू नका, मला मोठे व्हायचे आहे. ही दोन वाक्यांची गोष्ट चौथ्या श्रोत्याशी बोलते. तिच्यात रोग नाही, आकडा नाही, शिव्याशापही नाहीत, विनंती आहे. पण भित्तिपत्रकाची शक्ती एका नजरेपुरती. ही गोष्ट विस्ताराने सांगितली ती स्टीव्ह जेम्स ह्या दिग्दर्शकाने. अलेक्स कोटलोविट्झ ह्या पत्रकाराने २००८ साली संस्थेवर एक दीर्घ लेख लिहिला होता. त्यातून ह्या दोघांनी मिळून 'द इंटरप्टर्स' उभा केला. २००९ च्या उन्हाळ्यापासून सुमारे वर्षभर, ऋतूंच्या क्रमाने, तीन मध्ये पडणाऱ्या माणसांच्या मागे त्यांचा कॅमेरा फिरतो.

अमीना मॅथ्यूज ही शिकागोच्या एका कुप्रसिद्ध टोळीनायकाची, जेफ फोर्टची, मुलगी. बापाच्या नावाने जी दारे भीतीने उघडत, त्याच दारांतून ती आता दुसऱ्या कामासाठी आत जाते. मेलेल्या मित्राच्या अंत्यविधीला जमलेल्या तरुणांपुढे ती उभी राहते तेव्हा तिच्या बोलण्यात वक्तृत्व आहे, पण त्याहून अधिक आहे तो वडीलकीचा हक्क. एडी बोकानेग्रा ह्याने पौगंडावस्थेत खून केला, चौदा वर्षे तुरुंगात काढली, आणि आता तो मुलांना चित्रे काढावयास शिकवितो. त्याच्या चेहऱ्यावर प्रायश्चित्त संपत नाही. तिसरा कोबी विल्यम्स. त्याचे शस्त्र विनोद. सूडाने पेटलेला एक गृहस्थ पिस्तूल घेऊन निघण्याच्या बेतात आहे. विल्यम्स त्याला उपदेश करीत नाही, जेवावयास घेऊन जातो. क्रोधाला भूक लागते, आणि जेवताना मनुष्य थोडा वेळ तरी बसतो, एवढे मानसशास्त्र त्याला पुरते.

ह्या चित्रपटातील सर्वश्रेष्ठ प्रवेश मात्र एका केशकर्तनालयात घडतो. पिस्तूल रोखून ते दुकान लुटणारा एक तरुण शिक्षा भोगून सुटला आहे. विल्यम्स त्याला त्याच दुकानात क्षमा मागावयास घेऊन येतो. लुटीच्या दिवशी आपल्या मुलांसह तेथे असलेली एक बाई त्याला त्या दिवशीची भीती तपशीलवार सांगते. तो ऐकून घेतो. कॅमेरा हलत नाही, संगीताचा आधार घेत नाही. शेवटी ती बाई त्याला जवळ घेते. हा प्रवेश पाहताना संस्थेच्या लाडक्या उपमेचे अपुरेपण एकदम ध्यानात येते. जंतू क्षमा मागत नाही. रोग्याला लाज वाटत नाही. येथे जे घडते ते औषधोपचाराच्या नव्हे, धर्माच्या आणि माणुसकीच्या भाषेत घडते: शब्द देणे, शब्दाला जागणे, लाज वाटणे, पदरात घेणे. स्लटकिन चित्रपटात आपले सूत्र सांगतात, आणि त्यांचीच माणसे ते सूत्र न बोलता ओलांडून जातात. दिग्दर्शकाने ही विसंगती झाकली नाही, हे त्याचे मोठेपण.

तथापि चित्रपटात दोष नाही असे नव्हे. शांतो अय्यंगार ह्या राज्यशास्त्रज्ञाने १९९१ च्या आपल्या ग्रंथात प्रयोगांनी दाखविले आहे की, दूरचित्रवाणीवर गरिबी किंवा गुन्हा एकेका व्यक्तीच्या कथेतून दाखविला, तर प्रेक्षक दोष त्या व्यक्तीला देतो. तोच विषय व्यापक परिस्थितीसह मांडला, तर त्याची नजर समाजाकडे आणि सरकारकडे वळते. 'द इंटरप्टर्स' ह्या कचाट्यातून अर्धवटच सुटतो. एकाच शहरात वर्षभर राहिल्याने पडकी घरे आणि ओस रस्ते आपल्या डोळ्यांत भरतात खरे. पण बंद पडलेले कारखाने, ओढगस्तीच्या शाळा, काळ्या लोकांना घरे नाकारण्याचा जुना इतिहास, ह्यांना चित्रात पार्श्वभूमीपलीकडे स्थान नाही. परिणामी, चार शूर माणसे मिळाली की शहर सुधारेल, असा समज घेऊन प्रेक्षक घरी जाण्याचा संभव आहे. आणि नेमका हाच समज पैसा देणाऱ्याला स्वस्त पडतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. मध्ये पडणाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे तो कोणाला काही सांगणार नाही हा विश्वास. २०१२ साली शिकागो शहराने संस्थेशी दहा लाख डॉलरांचा करार केला. वर्षभराने तो पुढे चालविला नाही. शहर आणि पोलीस ह्यांच्या जितके जवळ जावे तितका पैसा जवळ येतो आणि वस्ती दुरावते, हा ह्या कार्याचा कायमचा पेच आहे. प्रसिद्धीचेही तेच. २००९ च्या सप्टेंबरात ह्याच शहरात एका शाळकरी मुलाला मारहाण करून ठार केले गेले, कोणीतरी ते चित्रित केले, आणि पुढच्याच महिन्यात दोन केंद्रीय मंत्री शिकागोस धावून आले. घडलेल्या खुनाला मंत्री येतात. न घडलेल्या खुनाला फक्त ती दोन माणसे साक्षी असतात, आणि त्यांनी बोलता कामा नये. म्हणून ह्या क्षेत्रातील प्रसिद्धिप्रमुखाचे मुख्य कौशल्य काय लिहावे ह्यात नसून काय गाळावे ह्यात आहे. ज्याला नाव गाळता येत नाही, विजयाचा क्षण वर्तमानपत्राच्या हातून सोडवत नाही, त्याने हे काम घेऊ नये.

आपल्याकडेही अशा न लिहिलेल्या हकीकती पुष्कळ आहेत. शिकागोतील टोळ्यांची हिंसा आणि आपल्याकडील जातीय दंगल ह्या निरनिराळ्या व्याधी आहेत, त्यांची गल्लत आम्ही करीत नाही. पण भिवंडी १९७० आणि १९८४ साली जळाली. पुढे तेथील पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, आणि १९९२-९३ साली शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. मुंबईच्या दंगलीवर श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आहे. भिवंडीच्या शांततेवर आयोग बसला नाही. त्या कार्याची हकीकत खोपडे ह्यांना स्वतःच लिहावी लागली. आपल्या कथाकादंबऱ्यांस दंगल दिसते; दंगल होऊ न देणाऱ्या समितीची कंटाळवाणी बैठक, तिच्यातील चहा, रुसवेफुगवे, दहादा तेच बोलणे, हे दिसत नाही. ज्यांनी अशा बैठकी घेतल्या ते अधिकारी आमच्या वाचकांत आहेत. निवृत्तीनंतर आठवणी लिहावयास बसतील तेव्हा त्यांनी 'सर्वत्र शांतता' ह्या दोन शब्दांचा, नावे गाळून, विस्तार करावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.

कारण ही हकीकत नीट सांगितली न जाण्याची किंमत मोजावी लागते. अमेरिकेच्या संसदेने २०२२ च्या कायद्याने ह्या प्रकारच्या कार्यासाठी पाच वर्षांकरिता पंचवीस कोटी डॉलर मंजूर केले. २०२५ च्या एप्रिलात न्यायखात्याने जी अनेक अनुदाने रद्द केली, त्यांत ह्या कार्याचीही होती. जे दिसत नाही ते अंदाजपत्रकातून काढणे सोपे असते. तरीही ते दिसावे म्हणून माणसांना विकावे, असे आम्ही म्हणणार नाही. आकडा संकोचाने सांगावा, उपमा जपून वापरावी, आणि गोष्ट सांगताना जो वाचला त्याला अनाम राहू द्यावे. ह्या कसोटीला संस्थेची पत्रके पुष्कळदा उतरत नाहीत. जेम्स ह्यांचा चित्रपट आपल्या उत्कृष्ट प्रवेशांत उतरतो. आणि क्राउन हाइट्समधील तो साधा फलक पूर्णपणे उतरतो.